पहिला मोर्चा काढण्याआधी हे वाचा: नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

तालुक्याच्या गावी मोर्चा निघतो. तहसील कचेरीसमोर दोन तास घोषणा होतात, नायब तहसीलदार बाहेर येऊन निवेदन घेतात, फोटो निघतो आणि माणसं शेवटच्या एसटीसाठी धावतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच मोर्चा आणि तेच निवेदन, फक्त वरची तारीख बदललेली. त्यात सामील झालेली तरुण मुलं-मुली दोन-तीन वर्षांत थकतात आणि ‘मोर्च्यानं काही होत नाही’ म्हणून घरी बसतात. त्या मुलांसाठी मी हे लिहितोय.

मोर्च्यानं होतं. महाराष्ट्रातल्या आंदोलनांनी वेठबिगारी संपवली, राज्य मिळवलं, हजारो हेक्टर जमिनीचं संपादन थांबवलं. घोषणा देण्यापासून शिष्टमंडळात बसण्यापर्यंतची सगळी कामं केल्यावर माझं मत पक्कं झालंय की गर्दी जमवणं हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. आंदोलन जिंकतं की नाही, हे मोर्च्याआधीच्या सहा महिन्यांत गावात काय झालं आणि मोर्च्यानंतरच्या वर्षभरात कागदामागे कोण लागलं, यावर ठरतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. मागणी एका वाक्यात आणि मोजता येईल अशी लिहा

‘शेतकऱ्यांना न्याय द्या’ या मागणीवर कुठलाही अधिकारी सही करू शकत नाही, कारण नेमकं काय द्यायचं हेच त्यात नाही.

१९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी काय मागितलं ते पाहा. त्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम करत होते. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या वेळी मजुरीची मागणी आली: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. वजन ठरलेलं आणि दरही ठरलेला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही संध्याकाळी कळायचं की आज मागणी पाळली गेली की नाही. पाळली नसेल तर उद्या विळा उचलायचा नाही, एवढं साधं.

महाडचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तळ्यावर मात्र कुणाला जाऊ देत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ते आधीच झालेल्या निर्णयाची अंमलबजावणी करायला. म्हणून तुमच्या प्रश्नावर आधीच एखादा शासन निर्णय, ठराव किंवा कायदा झालेला आहे का, हे आधी शोधा. ‘नवीन काही द्या’ म्हणण्यापेक्षा ‘तुमचंच लिहिलेलं पाळा’ म्हणणाऱ्याला नाकारणं समोरच्याला फार जड जातं.

मागणी तपासायची असेल तर वस्तीतल्या तीन माणसांना वेगवेगळं विचारा, ‘आपण काय मागतोय?’ तीन वेगळी उत्तरं आली तर अजून मोर्च्याची वेळ झालेली नाही.

एक सापळा इथेच असतो. बैठकीत प्रत्येक जण आपली मागणी घालतो आणि निवेदन बावीस मागण्यांचं होतं. मग अधिकारी त्यातल्या सोप्या चार मान्य करतो, बातमी येते ‘बहुतांश मागण्या मान्य’, आणि मुख्य मागणी तशीच राहते. मागण्या अनेक असल्या तरी कुठली मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे आधी आपसात ठरवा.

२. सही कुणाची लागते आणि त्याला काय सोसवत नाही, हे शोधा

वनहक्क दाव्याचंच घ्या. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा दावा आधी ग्रामसभेसमोर येतो, मग प्रांताच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे जातो आणि शेवटचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती घेते. तुमच्या गावाचे दावे प्रांताकडे अडकले असतील तर तहसीलदाराच्या दारात बसून घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. फाइल आज कुणाच्या टेबलावर आहे, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही दहा रुपये लागत नाहीत.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. समोरच्याला तुमच्याकडून काय हवं असतं? जमीनदारांना गवत वेळेत कापून हवं होतं, वाळून गेलं की त्याची किंमत जायची. म्हणून वारल्यांच्या संपात जोर होता. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी निर्णय दिल्लीच्या हातात होता आणि दिल्लीला मतं हवी होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढे लढ्यात शंभरावर माणसं गेली, तरी दिल्ली हलली नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले. १९५७ च्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला, तेव्हा दिल्लीचं गणित बदललं. १ मे १९६० त्यानंतर आला. समिती पुढे फुटली याची अनेकांना खंत वाटते. मला तसं वाटत नाही. एका मागणीसाठी जमलेली माणसं ती मागणी मिळेपर्यंत एकत्र राहिली, एवढं फार झालं.

तुमच्या गावाकडे मत, काम, माल, जमीन किंवा कायद्यातली हरकत यांपैकी काय आहे ते कागदावर मांडा. रायगडात महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) विरोधात उरण, पनवेल आणि पेणचे शेतकरी उभे राहिले, तेव्हा मोर्चे निघालेच, पण त्याबरोबर संपादनावर हरकती दाखल झाल्या आणि पेणची २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येतात, हा मुद्दा लावून धरला गेला. सिंचनाखालची जमीन सेझला कशी देता, याचं उत्तर सरकारला देता येईना. सप्टेंबर २००८ मध्ये त्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने विरोधात मत दिलं आणि पुढे मुदतीत संपादन झालंच नाही. एन. डी. पाटलांसारखा नेता होता हे खरंच. पण धरणाच्या लाभक्षेत्राचा नकाशा वाचणारी माणसंही होती.

३. गावात समिती उभी करा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मार्च २०१८ चा नाशिक-मुंबई किसान लाँग मार्च टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. ६ मार्चला नाशिकहून लाल टोप्या घातलेली हजारो माणसं निघाली आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोचली. फाटलेल्या पायांचे फोटो देशभर गेले. मुंबईकरांनी पाणी, खाणं, चपला दिल्या. पण एवढ्या माणसांनी आठवडाभर रोज कुठे जेवायचं, हे रस्त्यात ठरलेलं नव्हतं. गावागावांतून तांदूळ, डाळ, सरपण जमा करून टेम्पोत भरलेलं होतं आणि आपापल्या गटाचा स्वयंपाक गट करत होता. ती सवय एका महिन्यात लागत नाही. त्यामागे किसान सभेची त्या पट्ट्यातली अनेक दशकांची गाव समित्यांची बांधणी होती, थेट वारल्यांच्या लढ्यापर्यंत मागे जाणारी.

तुम्हाला दशकं थांबायला नको, पण समितीशिवाय पुढे जाऊ नका. ती अशी करा:

प्रत्येक पाड्यातून किंवा आळीतून दोघं घ्या, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. ‘बायका येतील की’ असं म्हणून भागत नाही. बैठक रात्री नऊला देवळात ठेवली तर बायका येत नाहीत. दुपारी अंगणवाडीत किंवा कुणाच्या ओटीवर ठेवली तर येतात आणि बोलतातही. पाण्याचा, रेशनचा, मजुरीचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. मुंबईत १९७२ नंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीने लाटणं हातात घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं, तेव्हा घासलेट आणि तेलाचा भाव हाच विषय होता. चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला लाखभर बायका आल्या, त्याही आपल्या जमिनीचं आणि कष्टाचं बोलायला.

समितीत ज्याचा शब्द गावात चालतो असा एक म्हातारा आणि ज्याला अर्ज लिहिता येतो असा एक तरुण असावा. दोघांचं एकमेकांशी पटत नसेल तर ते आधी पटवून घ्या. गावातली भांडणं मोर्च्याच्या दिवशी डोकं वर काढतात.

कामं नावानिशी वाटा. वहीत चार रकाने पुरतात: काम, नाव, कधीपर्यंत, झालं का. पुढच्या बैठकीची सुरुवात शेवटच्या रकान्यापासून करा. भाषण नंतर.

वर्गणी प्रत्येक घरातून घ्या, पाच रुपये किंवा पायलीभर तांदूळ का असेना. कुणी एक दाता सगळा खर्च उचलतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. पैसा घरोघरचा असला की आंदोलनही घरोघरचं राहतं, आणि दात्याच्या एका फोनवर ते थांबत नाही. हिशेब दर महिन्याला चावडीवर वाचून दाखवा. माझ्या पाहण्यात पोलिसांनी जितकी आंदोलनं मोडली, त्याहून जास्त हिशेब न दिल्यामुळे मोडली.

४. लागणारे कागद आणि सामान

यातलं काहीही शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

- ग्रामसभेचा ठराव, ठराव क्रमांक आणि तारखेसह, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याची प्रत. ग्रामसेवक प्रत देत नसेल तर लेखी अर्ज करून मागा.
- निवेदनाच्या किमान चार प्रती. एक अधिकाऱ्याला, एक वरिष्ठ कार्यालयाला, एक पोलिस ठाण्याला आणि एक पोच घेऊन स्वतःकडे.
- बाधित कुटुंबांची यादी: नाव, गट नंबर किंवा दाव्याचा क्रमांक, काय अडलंय. ही यादी चर्चेच्या टेबलावर सोन्यासारखी असते.
- वनजमिनीचा प्रश्न असेल तर वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, मोजणीचा नकाशा. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवलं, तीच आज मुलाच्या ताब्याचा पुरावा आहे. घरातले जुने ट्रंक उघडायला सांगा.
- पोलिसांकडे दिलेला अर्ज आणि त्याची पोच. अर्जात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन हवेत.
- ध्वनिक्षेपकाची स्वतंत्र परवानगी. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो वाजवता येत नाही.
- दोन वकिलांचे फोन नंबर, कागदावर लिहिलेले. मोबाइल जप्त झाला तर कागदावरचाच नंबर कामी येतो.
- प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखर, पायाला लावायला मलम, शिट्ट्या, स्वयंसेवकांसाठी एकाच रंगाचे पट्टे.

पोच घेण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण नवी माणसं इथेच संकोचतात. आवक-जावक टेबलावरचा कारकून म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब बघतील.’ हसून उभं राहायचं. आपल्या प्रतीवर कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही, चारही गोष्टी मिळाल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. नुसत्या शिक्क्याचा उपयोग नाही. आवक क्रमांक नसेल तर सहा महिन्यांनी ‘असं निवेदन या कार्यालयास प्राप्त झालेलं नाही’ असं उत्तर येतं आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. वाद घालू नका, आवाज चढवू नका. ‘ताई, गावात दाखवायला लागतं’ म्हटलं की बहुतेक वेळा क्रमांक मिळतो.

५. लहान पायरीपासून सुरुवात करा

ज्या माणसाने आयुष्यात कधी साहेबासमोर तोंड उघडलं नाही, त्याला थेट रास्ता रोकोत बसवू नका. आधी यादीवर अंगठा किंवा सही, मग गावातली सभा, मग तलाठ्याकडे पाच जणांनी जाणं, मग तहसीलवर एक दिवसाचं धरणं. घरातूनच करता येईल असं काही द्या. महागाईविरोधी आंदोलनात ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. नवऱ्याला न विचारता, उंबरठा न ओलांडता बाई त्यात सामील झाली, आणि पुढच्या वेळी तीच बाई लाटणं घेऊन रस्त्यावर आली.

प्रत्येक पायरीला काहीतरी पदरात पडलं पाहिजे, मग ती एका दाव्याची मोजणी असो की बंद पडलेल्या रेशन दुकानाची तपासणी. लोक त्याच्या जोरावर पुढे येतात.

६. दिवस निवडा

लावणी, कापणी, लग्नसराई, जत्रा, आठवडे बाजार आणि परीक्षा यांचं कॅलेंडर समोर ठेवा. भात लावणीत आदिवासी पट्ट्यात मोर्चा काढला तर मजुरी बुडते आणि संख्या पडते. विषय राज्य सरकारच्या हातातला असेल तर विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना जा: मार्चमध्ये मुंबई, डिसेंबरमध्ये नागपूर. तेव्हा मंत्री जागेवर असतात, विरोधक सभागृहात विषय काढतात आणि वार्ताहर तिथेच असतात. २०१८ चा लाँग मार्च अर्थसंकल्पी अधिवेशनातच मुंबईत आला होता.

७. मोर्च्याचा दिवस

मार्ग आदल्या दिवशी स्वतः चालून पाहा. पाणी कुठे, सावली कुठे, बायकांसाठी शौचालय कुठे, अरुंद पूल कुठे. दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवा आणि आपल्या पन्नासांची नावं त्याच्या खिशात असू द्या. परततानाही तीच यादी वाचायची.

पोलिसांशी आधी बोला. घटनेच्या १९ व्या कलमाने शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिलेला आहे, तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश जिल्ह्यात वारंवार निघतात, आणि पूर्वीच्या १४४ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. आदेश लागू आहे का, कुठल्या तारखेपर्यंत आहे, त्याची प्रत मागून घ्या. अटक झालीच तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत हवं. मुंबईत आंदोलनासाठी आझाद मैदानातली ठरलेली जागाच मिळते. मंत्रालयाच्या दारापर्यंत जायचं स्वप्न दाखवून लोकांना आणू नका.

आता एक गंभीर गोष्ट. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. माणसं दिवसभर अडथळ्यांपाशी बसून होती, निवेदन घ्यायला कुणी मंत्री येईल म्हणून. संध्याकाळी गडबड उडाली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यात बायका आणि लहान मुलं फार होती. जबाबदारी प्रशासनाचीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण संघटक म्हणून आपल्या हातात जे आहे ते आपण करायलाच हवं: निवेदन कोण, किती वाजता, कुठे घेणार हे आधी लेखी ठरवून घ्या. अडथळ्याजवळ मुलं आणि म्हातारी माणसं बसवू नका. मागे सरकायची वाट कायम मोकळी ठेवा. अंधार पडायच्या आत काय करायचं, पांगायचं की मुक्काम करायचा, हे माइकवरून वेळेत सांगा.

शिस्तीचा फायदा फार मोठा असतो. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाई आणि पसरणी घाटात संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक काळे झेंडे घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. कुणी वाट अडवली नाही. दिल्लीपर्यंत जे पोचायचं ते पोचलं. २०१८ मध्येही मोर्चेकरी शीवच्या सोमय्या मैदानावर थकून पोचले होते आणि सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता. वाहतूक अडू नये म्हणून ते रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. त्या एका निर्णयानं शहर त्यांच्या बाजूला आलं. सरकारला मग त्यांना उपद्रवी ठरवायची सोय उरली नाही.

८. निरोप कोण देणार हे ठरवा

अफवेनं आंदोलनात माणसं मरतात. महाडला २० मार्च १९२७ रोजी तळ्यावरून लोक मंडपात परतल्यावर गावात उठवलं गेलं की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या खोट्या बातमीवर जमाव लाठ्या घेऊन आला आणि जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोदावरीबाईंच्या नावानं खोटा निरोप पाड्यापाड्यांत फिरवला गेला. वारली रातोरात जमले, आणि तिकडे पोलिसांना सांगितलं गेलं होतं की हे दंगा करायला जमलेत. गोळीबारात पाच जण गेले.

तेव्हा निरोप पायी जायचा, आता व्हॉट्सॲपवर सेकंदात जातो. म्हणून नियम कडक ठेवा. निरोप फक्त दोन ठरलेल्या माणसांकडून निघेल. त्यात तारीख, वेळ आणि नाव असेल. त्याशिवाय आलेला कुठलाही मजकूर पुढे ढकलायचा नाही, आधी फोन करून विचारायचं. व्हॉइस मेसेज आवाज ओळखीचा वाटला तरी खरा धरू नका. मोर्च्याच्या दिवशी प्रत्येक गटात एक जण फोन उघडा ठेवून बसेल, बाकीच्यांनी चालायचं.

९. चर्चेला बसताना

मोर्चा यशस्वी झाला की आत बोलावणं येतं. बहुतेक नवी आंदोलनं या खोलीत हरतात.

शिष्टमंडळात पाच ते सात जण न्या. त्यात ज्यांचा प्रश्न आहे ती माणसं निम्म्याहून जास्त हवीत. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, एकाने कागद काढून द्यायचे. चहा आला तर घ्या, त्यात काही बिघडत नाही. पण चहासोबत येणारी वाक्यं नीट ऐका. ‘सकारात्मक विचार करू’, ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’, ‘वरिष्ठांना कळवतो’. या तिन्हींमध्ये कुणी, काय, कधीपर्यंत करायचं ते नाही. तिथेच शांतपणे विचारा: ‘साहेब, किती दावे, कुठल्या तारखेपर्यंत, आणि जबाबदार अधिकारी कोण?’ उत्तर आलं की लिहून घेणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ‘असंच इतिवृत्तात येईल ना?’ असं विचारायचं. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा. ‘उद्या टाइप करून पाठवतो’ म्हणाले तर, ‘आम्ही बाहेर थांबतो, टाइप होऊ दे’ असं सांगा. बाहेर माणसं बसलेली असतात तोवरच टायपिंग लवकर होतं.

एकेकाला बाजूला बोलावलं तर जाऊ नका. आत काही मान्य करून टाकू नका. ‘लोकांना विचारून सांगतो’ म्हणा आणि खरंच बाहेर येऊन पत्र शब्द न् शब्द वाचून दाखवा. लोकांनी हात वर केले की मगच आंदोलन मागे घ्या. वेळ जातो, अधिकारी वैतागतात, तरी हे सोडू नका. असं केलं की ‘नेते विकले गेले’ ही कुजबुज मूळ धरत नाही.

१०. लढा लांबला तर

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांमधल्या सुमारे अडीच लाख कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. एकजूट अपूर्व होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी आपल्या माणसांना धान्य पुरवलं, कामगार गावी जाऊन राहिले. तरी संप हरला. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता दुसऱ्याच संघटनेला होती, त्यामुळे सामंतांशी वाटाघाट करायला मालक आणि सरकार बांधील नव्हते. मालकांकडे मालाचा साठा होता, यंत्रमागांवर कापड निघत होतं, आणि गिरणी बंद राहण्यात काहींचा फायदाच होता. संप औपचारिकपणे कधी मागेही घेतला गेला नाही. ज्यांनी सगळं पणाला लावलं त्या कामगारांबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच त्यांच्या लढ्यातून शिकणं आपलं कर्तव्य मानतो.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा. आपल्या घरांना किती आठवडे कळ काढता येईल? समोरचा किती आठवडे काढू शकतो? आणि पूर्ण मागणी मिळाली नाही तर कुठल्या टप्प्यावर, काय पदरात घेऊन, संघटना शाबूत ठेवून मागे यायचं? तिसऱ्याचं उत्तर बाहेर सांगायचं नसतं, पण समितीला माहीत असायलाच हवं. बेमुदत हा शब्द उत्साहात उच्चारू नका. धरणं एक दिवसाचं जाहीर करून दोन दिवस चालवलं तर ताकद दिसते, आणि बेमुदत जाहीर करून तिसऱ्या दिवशी मंडप उतरवला तर पुढची दोन वर्षं कुणी विचारत नाही.

११. मोर्च्यानंतर

२०१८ च्या लाँग मार्चला लेखी आश्वासन मिळालं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला आणि मार्च २०२३ मध्ये परत, तो वाशिंदला थांबला. काहींना यात अपयश दिसतं. मला त्यात टिकाव दिसतो, कारण अंमलबजावणी अर्धवट आहे हे मोजायला गावात यादी होती आणि पुन्हा निघायला माणसं होती. महाडच्या तळ्याचा खटलाही १९२७ च्या डिसेंबरात मनाई हुकमाने अडला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं तारखा चालल्या.

म्हणून मोर्चा संपल्याच्या आठवड्यातच हे करा. पत्रातल्या प्रत्येक आश्वासनासमोर तारीख आणि आपल्यातल्या एकाचं नाव लिहा. महिन्याने त्याच कार्यालयात दोघांनी जायचं, घोषणा न देता, इतिवृत्ताची प्रत घेऊन. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात ‘अमुक तारखेच्या बैठकीतील निर्णयावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपण्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती’ मागायच्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या साहेबांना पहिल्याच आठवड्यात भेटून जुनी फाइल दाखवायची, नाहीतर सगळं शून्यापासून सुरू होतं.

ज्या घरांचं काम झालं त्यांची नावं यादीत खोडू नका, बाजूला तारीख टाका. आणि त्या घरांना पुढच्या बैठकीचा निरोप आधी द्या. काम झालेली माणसं पांगू लागली की ज्यांचं राहिलंय ती एकटी पडतात, आणि सहसा सगळ्यात गरीब, सगळ्यात शेवटच्या पाड्यावरची तीच असतात.